फ्रीडेनश्टाइन : गोथाच्या टेकडीवरचा राजवाडा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीच्या थुरिंगिया राज्यात गोथा नावाचं मध्यम आकाराचं गाव आहे. गावाच्या डोक्यावर टेकडी आणि टेकडीवर फ्रीडेनश्टाइन. मी जवळच राहते, त्यामुळे पुण्या-मुंबईहून येणारे पाहुणे, इथे शिकायला आलेली मुलं, त्यांचे आईवडील असे सगळे तेच ते प्रश्न विचारतात. एकेकाला निरोप धाडण्यापेक्षा उत्तरं एकदाची लिहून ठेवली. सगळं वाचायलाच हवं असं नाही, हवा तो प्रश्न गाठा.

१. हा किल्ला आहे की राजवाडा? आम्ही किल्ला बघायला येतोय.

राजवाडा. जर्मनमध्ये ‘बुर्ग’ आणि ‘श्लॉस’ असे दोन वेगळे शब्द आहेत. बुर्ग लढायला बांधतात. श्लॉस राहायला, कारभार करायला आणि चार लोकांत मिरवायला. फ्रीडेनश्टाइन श्लॉस आहे. राजगड डोळ्यासमोर ठेवून आलात तर हिरमोड होईल. इथे ना माची, ना चोरदिंडी, ना टाकी. टेकडीही आपल्या मानाने किरकोळ. जो पर्वतीच्या पायऱ्या चढतो, त्याला गावातल्या बाजारचौकातून वर येताना धापसुद्धा लागणार नाही. तरीही या राजवाड्याला एकेकाळी तटबंदी होती आणि तिचा एक भाग आजही बघता येतो (प्रश्न ८).

२. कोणी बांधला आणि कधी?

ड्यूक अर्न्स्ट पहिला याने, १६४३ ते १६५४ या काळात. लोक त्याला ‘धार्मिक अर्न्स्ट’ म्हणत. यातलं पहिलं साल नीट बघा. मध्य युरोप होरपळून काढणारं तीस वर्षांचं युद्ध १६१८ ला पेटलं आणि १६४८ ला संपलं. म्हणजे चहूकडे गावं ओस पडलेली, सैन्यं उभी पिकं खात फिरतायत आणि हा गृहस्थ राजवाड्याचा पाया खणतोय. नाव ठेवलं फ्रीडेनश्टाइन, म्हणजे शांतीचा दगड. उत्तरेकडच्या मुख्य दरवाजावर दोन स्त्रिया एकमेकींचं चुंबन घेताना कोरल्या आहेत, एक शांती आणि दुसरी न्यायदेवता. सोबत जर्मन ओळ आहे. तिचा अर्थ असा : शांती पोसते, कलह गिळतो. बहुतेक लोक मान वर न करता दरवाजातून आत जातात. तुम्ही दोन मिनिटं थांबा.

याच जागी आधी ग्रिमेनश्टाइन नावाचा खराखुरा किल्ला होता. बंडखोर सरदार ग्रुमबाखला आसरा दिल्यामुळे तिथल्या ड्यूकवर बादशाही फौज चालून आली. १५६७ मध्ये गोथा पडलं, ग्रुमबाखला भर बाजारचौकात हालहाल करून मारलं आणि किल्ला जमीनदोस्त केला. ड्यूकला कैदेत टाकलं ते मरेपर्यंत. एवढं झालेल्या टेकडीवर ‘शांती’ हे नाव का आलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

३. बरोक म्हणता, पण बाहेरून तर सरकारी कचेरीसारखा दिसतो!

कारण तो कचेरीही होताच (प्रश्न ५). शिवाय हे बरोकचं, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपच्या भपकेबाज बांधकामशैलीचं, सुरुवातीचं रूप आहे. फ्रान्सचा व्हर्साय राजवाडा उभा राहिला तो यानंतर. सुमारे १०० मीटर बाय १४० मीटरची यू आकाराची इमारत, फिकट रंगाच्या सपाट भिंती, खिडक्यांच्या शिस्तीत लावलेल्या रांगा, आतल्या चौकाला कमानींची ओवरी आणि दोन टोकांना दोन दणकट मनोरे. मनोऱ्यांची छपरं एकसारखी नाहीत. तुमच्या डोळ्यांचा दोष नव्हे. अर्न्स्ट काटकसरी होता, नक्षीवर पैसा उधळणं त्याला पटत नसे. हौस केली ती पुढच्या पिढ्यांनी आणि तीही आतल्या बाजूने. वरच्या मजल्यावरच्या समारंभाच्या दालनात जा. छताला गिलाव्याची फुलं, फळं आणि मानवी आकृती इतक्या दाटीने लगडल्या आहेत की बाहेरच्या साधेपणाचा हिशेब तिथे व्याजासकट चुकता होतो.

४. सध्या तिथे कोण राहतं? राजघराणं आहे का अजून?

कोणी राहत नाही. शेवटचा ड्यूक कार्ल एडुआर्ड १९१८ मध्ये पायउतार झाला. इमारत आज थुरिंगियाच्या राजवाडे-उद्यानांच्या सरकारी प्रतिष्ठानाकडे आहे. आतली संग्रहालयं गोथातलं वेगळं प्रतिष्ठान चालवतं आणि ग्रंथालय एरफुर्ट विद्यापीठाचं आहे. त्यामुळे ‘राजवाड्याच्या ऑफिसात’ फोन करून सगळं कळेल अशी आशा धरू नका. आधी काम कोणाकडे आहे ते बघा, मग फोन करा.

५. एकाच इमारतीत संग्रहालय, थिएटर, ग्रंथालय, चर्च… एवढं सगळं का कोंबलंय?

कोंबलेलं नाही, पहिल्यापासून असंच आहे. मला हा राजवाडा आवडण्याचं खरं कारणही हेच.

अर्न्स्टने एकाच छपराखाली राहण्याच्या खोल्या, दरबार, कारभाराच्या कचेऱ्या, दप्तरखाना, चर्च, शस्त्रागार, ग्रंथालय आणि अजब वस्तूंचा संग्रह बसवला. त्याने आपल्या छोट्याशा राज्यात मुलामुलींना शाळा सक्तीची केली, त्यासाठी १६४२ मध्ये नियमावली छापून घेतली. असल्या माणसाला नुसत्या मेजवान्यांसाठी घर नको होतं. पुढे ड्यूक गेले, साम्राज्यं गेली, पूर्व जर्मनीचं सरकार आलं नि गेलं. दालनांतलं काम मात्र थांबलं नाही. जिथे पुस्तकं होती तिथे पुस्तकं आहेत, जिथे नाटक होई तिथे नाटक होतं. चर्चमध्ये अजून प्रार्थना होते. याच चर्चमध्ये १७१७ च्या गुड फ्रायडेला विख्यात संगीतकार योहान सेबास्टियन बाखने संगीत सादर केलं होतं. दप्तरखाना तेवढा जागेअभावी टेकडीखालच्या इमारतीत गेला आहे.

जर्मनीत कितीतरी राजवाडे आतून नव्याने सजवलेले आहेत, खुर्च्या एकीकडच्या आणि पडदे दुसरीकडचे. इथे वस्तू आणि खोली यांची ओळख जुनी आहे.

६. त्या जुन्या थिएटरचं एवढं कौतुक का? आत गेल्यावर नक्की काय बघायचं?

एकहोफ थिएटर पश्चिमेच्या मनोऱ्यात आहे. आधी तिथे चेंडू खेळायचं दालन होतं, १६८० च्या दशकात त्याचं नाट्यगृह केलं. रंगमंचाची त्या काळातली लाकडी यंत्रणा अजून जागेवर आहे आणि चालते. कौतुक आहे ते याचं.

आपल्या संगीत नाटकांच्या जमान्यात रंगवलेले पडदे वरून खाली सोडत. इथे विंगा बाजूंनी सरकतात. प्रत्येक विंगेची चौकट रंगमंचाच्या फळ्यांमधल्या फटीतून खाली जाते आणि तळघरातल्या छोट्या गाड्यावर बसते. सगळ्या गाड्यांचे दोर एका मोठ्या आडव्या रहाटाला बांधलेले. खाली माणसं रहाट फिरवतात, तशी वरची सगळी विंगांची रांग एकदम मागे जाते आणि तिच्या जागी दुसरी पुढे येते. पडदा पाडायचा नाही, दिवे मालवायचे नाहीत. प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत जंगलाचा महाल होतो.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा लक्ष रंगमंचावर नव्हतं, पायांखाली होतं. आधी खालून एक दबका हाकारा आला, मग लाकडाचं लांबलचक कण्हणं. बैलगाडी ओढ्यातून वर चढताना आस कुरकुरते ना, अगदी तसं. आणि झाडं निघाली. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी चष्मा काढून पुसला, तेवढ्यात महाल उभा! ते बायकोला विचारत बसले, काय झालं म्हणून. ढगांच्या गडगडाटाचा नि वाऱ्याचा आवाजही लाकडी यंत्रांतूनच काढतात. मेणबत्त्या मात्र गेल्या, आगीच्या भीतीने आता विजेचे दिवे आहेत.

थिएटरचं नाव कॉनराड एकहोफ या नटावरून पडलं. १७७४ मध्ये वायमारचा राजवाडा जळाला, तिथली नाटक मंडळी बेघर झाली आणि गोथाला आली. १७७५ मध्ये ड्यूकने त्यांना पगारी नोकरीवर घेतलं, एकहोफ त्यांचा प्रमुख. गावोगाव तंबू घेऊन फिरणाऱ्या नटांना महिन्याचा पगार मिळणं ही तेव्हा जर्मनीत अपूर्व गोष्ट होती. एकहोफ १७७८ मध्ये वारला, पुढच्याच वर्षी ड्यूकने थिएटर बंद केलं आणि बरेचसे नट मानहाइमला गेले. चार वर्षांचा खेळ, पण जर्मन रंगभूमीच्या इतिहासात त्याचं पान मोठं आहे.

एरवी थिएटर नुसतं बघता येतं. प्रयोग बघायचा तर उन्हाळ्यात, एकहोफ महोत्सवात या. जागा थोड्या आहेत, बाकं अरुंद आहेत. तिकीट लवकर काढा आणि सोबत पातळशी उशी असू द्या. मी गंमत करत नाहीये.

७. चित्रांच्या चोरीची गोष्ट खरी का? चित्रं सापडली म्हणतात.

खरी, आणि सापडलीही.

१४ डिसेंबर १९७९ च्या पहाटे, वादळी हवेत, कोणीतरी विजेच्या तारेला धरून, म्हणजे वीज पडू नये म्हणून भिंतीवरून उतरवलेल्या तारेला धरून, वर चढला. खिडकी फोडली आणि पाच जुनी चित्रं घेऊन पसार झाला. त्यात फ्रान्स हाल्सने काढलेला तरुण होता, थोरल्या होल्बाइनची संत कॅथरीन होती. बाकीची तीन व्हॅन डाइक, ब्रूगेल आणि रेम्ब्रांट यांच्या वर्तुळातली. त्यांवर हात नेमका कोणाचा, याचा वाद जाणकारांत आजही चालतो. पूर्व जर्मनीतली ही सगळ्यात मोठी कलाचोरी. पोलिसांनी, गुप्त पोलिसांनी वर्षानुवर्षं धागे उसवले. संशय संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांवरही गेला. हाती काही लागलं नाही.

जवळजवळ चाळीस वर्षांनी गोथाच्या महापौरांकडे एक वकील आला : चित्रं आहेत, मोबदला काय देता? महापौरांनी बोलणं तुटू दिलं नाही आणि २०१९ च्या शरदात पाचही चित्रं बर्लिनमध्ये तपासणीसाठी हजर झाली. प्रयोगशाळेत रंग, फळ्या, मागच्या खुणा पडताळल्या. अस्सल निघाली. जानेवारी २०२० मध्ये ती गोथाच्या लोकांसमोर मांडली, तेव्हा थंडीत रांग लागली होती. रांगेतल्या एक बाई आईची आठवण सांगत होत्या. आई राजवाड्यात झाडलोट करायची आणि त्या दिवसानंतर बरेच दिवस घरात कोणी मोठ्याने बोलत नसे.

खटला होण्याची मुदत केव्हाच टळली होती. चोर म्हणून एका मृत माणसाचं नाव वर्तमानपत्रांनी छापलं. कोर्टात काही सिद्ध झालेलं नाही, म्हणून मी ते इथे लिहीत नाही.

८. राजवाड्याखाली भुयारं आहेत असं ऐकलं. खजिना वगैरे?

भुयारं आहेत, खजिना नाही. नाव शांतीचं ठेवलं तरी अर्न्स्ट भाबडा नव्हता. राजवाड्याभोवती त्याने बुरूज आणि तट बांधून घेतला. पुढे तोफा बदलल्या, तट निरुपयोगी ठरला आणि वरचा भाग पाडून तिथे बागा केल्या. जमिनीखालचे दगडी बोगदे मात्र राहिले. वाटाड्यासोबतच जाता येतं. भर उन्हाळ्यातही आत गारठा असतो, स्वेटर न्या. छत काही ठिकाणी ठेंगणं आहे, उंच माणसांनी डोकं सांभाळा. ज्यांना बंद जागेत कोंडल्यासारखं होतं, त्यांनी वर बागेत बसावं.

९. ग्रंथालयात कोणालाही जाता येतं का? संस्कृत किंवा मराठी काही आहे का?

अभ्यासाचं कारण सांगून नाव नोंदवलं की वाचनालयात बसता येतं, त्यासाठी प्राध्यापक असावं लागत नाही. जुनी पुस्तकं तिथेच बसून वाचायची, घरी नेता येत नाहीत. संग्रहाचं वैशिष्ट्य म्हणजे रिफॉर्मेशनच्या, म्हणजे सोळाव्या शतकातल्या चर्चसुधारणेच्या, काळातले कागद आणि सुमारे ३,५०० पौर्वात्य हस्तलिखितं. यातली पुष्कळ उल्रिख यास्पर झेट्झेन या प्रवाशाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सीरिया, पॅलेस्टाइन, इजिप्त इकडून गोळा करून पाठवली. पाठवणारा स्वतः परतला नाही. १८११ मध्ये येमेनमध्ये त्याचा अंत झाला. ‘पौर्वात्य’ म्हणजे इथे मुख्यतः अरबी, मग फार्सी आणि तुर्की. मराठीच्या आशेने येऊ नका.

नकाशांची आवड असेल तर मात्र जरूर या. गोथाच्या पेर्थेस प्रकाशनाचे नकाशे एकोणिसाव्या शतकात जगभर प्रमाण मानले जात. त्यांचा अख्खा संग्रह आता याच ग्रंथालयाकडे आहे, टेकडीखालच्या त्यांच्या जुन्या इमारतीत.

१०. लहान मुलांना रमेल असं काही?

मनोऱ्यातलं प्राण्यांचं प्रदर्शन. आणि त्यांना हत्तीची गोष्ट सांगा. १६९५ मध्ये जवळच्या टोना गावाजवळ खाणीत अवाढव्य हाडं निघाली. दरबारातल्या वैद्यांनी ठरवलं, हा निसर्गाचा खेळ आहे, दगडच हाडांच्या आकाराचा झालाय. टेन्ट्सेल नावाच्या इथल्या विद्वानाने हाडं मोजली, हत्तीच्या वर्णनाशी ताडून पाहिली आणि सांगितलं, हा हत्तीच. थुरिंगियात हत्ती! भरपूर वाद झाला. बरोबर टेन्ट्सेलच होता. तो हिमयुगांच्या मधल्या उबदार काळातला, सरळ सुळ्यांचा नामशेष हत्ती होता.

११. या राजवाड्याचा मुंबईशी संबंध आहे असं तुम्ही म्हणालात. तो कसा काय?

सोयरिकीचा. व्हिक्टोरिया राणीचा नवरा अल्बर्ट. त्याची आई लुईझ ही गोथाच्या ड्यूकची मुलगी. गोथाची मूळ शाखा १८२५ मध्ये निर्वंश झाली आणि पुढच्या वर्षी अल्बर्टच्या बापाला, म्हणजे कोबर्गच्या ड्यूकला, गोथा मिळालं. घराण्याचं नाव झालं साक्स-कोबर्ग-गोथा. अल्बर्टमुळे ते नाव इंग्लंडच्या गादीवर गेलं. सातवा एडवर्ड आणि त्याच्यामागून आलेला पाचवा जॉर्ज याच घराण्याचे. पहिल्या महायुद्धात जर्मन नाव अडचणीचं व्हायला लागलं, तेव्हा १९१७ मध्ये जॉर्जने ते बदलून विंडसर केलं.

आता मुंबईत या. काळा घोडा ज्याच्यामुळे ‘काळा घोडा’ झाला, तो घोडेस्वार म्हणजे एडवर्ड. तो पुतळा १९६५ मध्ये हलवला, आता भायखळ्याला राणीच्या बागेपाशी आहे. तिथेच भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्याच्या बापाचा, अल्बर्टचा, पांढरा संगमरवरी पुतळा उभा आहे. म्हणजे गोथाचा नातू आणि पणतू भायखळ्याला शेजारी शेजारी. गेटवे ऑफ इंडिया ज्याच्या १९११ च्या भेटीच्या स्मरणार्थ बांधला, तो जॉर्ज तेव्हा कागदोपत्री साक्स-कोबर्ग-गोथाच होता. माझं बालपण लालबागला गेलं, शाळेची सहल दर वर्षी राणीच्या बागेत. तो पुतळा तेव्हा नुसता कबुतरांचा होता.

१२. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले नाहीत का?

गावावर पडले. राजवाडा वाचला आणि त्याचं श्रेय बरंचसं योझेफ फॉन गाडोला या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याला आहे. एप्रिल १९४५ मध्ये गाव शेवटपर्यंत लढवायचा हुकूम असताना त्याने शरणागतीचं ठरवलं आणि अमेरिकन सैन्याकडे निघाला. वाटेत स्वतःच्याच लोकांनी पकडलं. ५ एप्रिलला वायमारमध्ये त्याला गोळ्या घातल्या. गोथा एक दिवस आधीच लढाईशिवाय अमेरिकनांच्या हाती आलं होतं.

युद्धानंतर सोव्हिएत सैन्याने संग्रह आणि ग्रंथालय उचलून रशियात नेलं. १९५० च्या दशकात बराचसा भाग परत आला.

१३. ‘गोथाचं प्रेमी युगुल’ हे प्रसिद्ध चित्र शोधलं, दालनभर फिरलो, मिळालं नाही.

चुकीच्या इमारतीत शोधलंत. ते १४८० च्या सुमाराचं चित्र राजवाड्यात नाही, दक्षिणेला बागेपलीकडच्या ड्यूकच्या संग्रहालयात आहे. ती इमारत १८७९ मध्ये खास संग्रहासाठी उघडली. प्रश्न ७ मधल्या चित्रांसाठीही आधी तिकडेच चौकशी करा. दोन्हीकडे चालणारं एकत्र तिकीट मिळतं, तेच काढा.

१४. जायचं कसं आणि किती वेळ ठेवायचा?

एरफुर्ट आणि आयझेनाख यांच्या मधलं रेल्वे स्टेशन. स्टेशनवरून बागेतून चालत पंधरा-वीस मिनिटं. सोमवारी संग्रहालयं बंद असतात, हे ठळक अक्षरांत समजा; दर महिन्याला एक तरी कुटुंब सोमवारी बंद दारासमोरून मला फोटो पाठवतं. सकाळी आलात तर संध्याकाळ होईल. ऑगस्टच्या शेवटी बरोक उत्सव असतो, सगळे त्या काळच्या पोशाखात. गर्दी चालत असेल तर तेव्हा या, नसेल तर ते दोन दिवस टाळा.

१५. दुरुस्तीसाठी परांच्या बांधल्यात म्हणे. मग येण्यात अर्थ आहे का?

आहे. केंद्र आणि राज्य सरकारांनी मिळून ६ कोटी युरोंचं दुरुस्तीचं काम काढलं आहे. ते वर्षानुवर्षं चालणार. आज ही दालनं बंद, उद्या ती. निघण्याआधी एक दिवस काय उघडं आहे ते बघा. एकहोफ थिएटर बंद असेल तर मी स्वतः तारीख पुढे ढकलेन, बाकी काही बंद असलं तरी येईन.

१६. लग्नाआधीचं फोटोशूट चौकात करता येईल?

चौकात आणि बागेत यायला तिकीट नाही. मोबाइलवर दोघांचे फोटो काढायला कोणी हरकत घेत नाही. पण पगारी फोटोग्राफर, दिवे, ड्रोन असा लवाजमा असेल तर प्रश्न ४ मधल्या सरकारी प्रतिष्ठानाची लेखी परवानगी हवी. ‘सुट्टीचा दिवस आहे, कोण बघतंय’ हे इथे चालत नाही.

१७. कोबर्गचा टेकडीवरचा किल्ला तो हाच ना?

नाही! घराण्याच्या जोडनावामुळे घोळ होतो. कोबर्गचा तो खराखुरा किल्ला, डोंगरावरचा, जाड तटांचा. दोन्ही गावं एका ड्यूकची होती, पण मध्ये थुरिंगियाचं जंगल आडवं आहे. १९२० मध्ये कोबर्ग जनमताने बव्हेरियात गेलं आणि गोथा थुरिंगियात राहिलं. माझ्या मावशीने राहायची खोली कोबर्गला घेतली आणि मला फोन केला, ‘अगं, आम्ही राजवाड्याच्या पायथ्याशी पोचलो, तू कुठे आहेस?’ मी गोथाच्या दरवाजाखाली, त्या चुंबन घेणाऱ्या दोघींच्या खाली उभी होते. मावशी दुसऱ्या दिवशी आली. तो सोमवार होता.